निकडीचा भाव

प्रवासविषयक पुरवण्यांत आणि नियतकालिकांत एक वाङ्मयप्रकार गेली काही वर्षे चांगलाच रुजला आहे. त्याला अद्याप कुणी नाव दिलेले नाही, परंतु त्याचा रूपबंध इतका पक्का आहे की शीर्षक वाचताच शेवटचा परिच्छेद सांगता यावा. विषय बहुधा एकच असतो: लंडन ते न्यूयॉर्क हा अटलांटिकवरचा प्रवास बिझनेस क्लासमधून, पाय लांब करून, सपाट गादीवर झोपून, आणि तोही 'निम्म्या भाड्यात'. नायक अर्थातच लेखक. आरंभी त्याची परीक्षा होते, म्हणजे विमानकंपनीने सांगितलेला भाडेआकडा पाहून तो हबकतो. मग त्याला विद्या प्राप्त होते: अमुक शहरातून निघा, तमुक महिन्यात निघा, शनिवारची रात्र परगावी काढा. अखेरीस फलश्रुती येते आणि तिच्यासोबत शँपेनच्या पेल्याचे छायाचित्र. श्रावणातल्या कहाण्यांची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात काहीच अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की कहाणीतल्या ब्राह्मणाला उतल्यामातल्याची शिक्षा होते, आणि इथे उतणे हेच फळ आहे.

या मजकुरावर माझा आक्षेप तो खोटा असल्याचा नाही. त्यातल्या बहुतेक युक्त्या खऱ्या आहेत आणि त्या कशा चालतात हे पुढे सांगणारच आहे. आक्षेप आहे तो त्यामागच्या एका न उच्चारलेल्या गृहीतकावर. ते असे, की आसनाची एक 'खरी' किंमत कुठेतरी दडलेली असते, हुशार आणि उद्योगी माणूस ती शोधून काढतो, आणि ज्यांना ती सापडत नाही ते आळशी तरी असतात किंवा उधळे तरी. काटकसरीचे हे पुण्य त्या लेखकाच्या पदरात कोणी टाकले? साहित्याच्या अभ्यासकाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे की भाडे हा आज एक लिखित पाठ आहे. तिकिटामागे अटींचे पानेच्या पाने गद्य असते आणि त्या गद्याचा एक अभिप्रेत वाचक असतो. तो कोण, आणि त्या पाठातून कोण वगळला गेला आहे, हे विचारणे आपल्याच धंद्यातले काम आहे.

प्रथम विकले काय जाते ते पाहू. बिझनेस क्लास ही संज्ञा १९७० च्या दशकाच्या अखेरीची. पूर्ण भाडे भरणाऱ्या कचेरीबाबूंना सवलतीच्या प्रवाशांपासून निराळे बसवावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये या वर्गात पूर्ण सपाट होणारे आसन आणले आणि तेव्हापासून या मार्गावरची स्पर्धा पलंगांची झाली. गंमत अशी की या पलंगाचा उपयोग एकाच दिशेला आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी विमाने बहुतांशी दिवसा उडतात. साडेसात-आठ तास जागेपणी जातात आणि उतरल्यावर तिथे अजून दुपार किंवा संध्याकाळच असते. रात्र आहे ती परतीच्या वाटेवर. तीही पुरती साडेसहा-सात तासांची, आणि जेवण व उतरण्याची तयारी वजा केली तर झोपेला चारेक तास उरतात. म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे भरणारा गृहस्थ चार तासांच्या निजेसाठी काही हजार पौंड मोजत असतो. 'निम्म्या भाड्यात' म्हणणारे लेख या निम्म्या उपयोगाविषयी मात्र मौन पाळतात.

आता भाव ठरतो कसा? इथे थोडे थांबले पाहिजे, कारण सगळा प्रश्न इथेच आहे.

१९७२ मध्ये केन लिटलवुड नावाच्या, बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीतल्या माणसाने एक साधा नियम मांडला. स्वस्त भाड्याचे गिऱ्हाईक आज दारात उभे आहे. महाग भाड्याचे गिऱ्हाईक उद्या येईल किंवा येणारही नाही. मग आजच्याला आसन द्यावे का? नियम म्हणतो, महाग भाडे गुणिले ते गिऱ्हाईक येण्याची शक्यता, हा गुणाकार स्वस्त भाड्याहून मोठा असेल तोवर देऊ नये. समजा पूर्ण भाडे ६००० पौंड आहे आणि सवलतीचे २००० पौंड. तर शेवटच्या घटकेला कुणी गरजू येण्याची शक्यता एकतृतीयांशाहून अधिक असेपर्यंत ते आसन रिकामे धरून ठेवणे कंपनीच्या हिताचे. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. पुढे १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नव्या स्वस्त कंपन्यांना तोंड देण्यासाठी 'अल्टिमेट सुपर सेव्हर' भाडी काढली. ती मिळवण्यासाठी बऱ्याच आधी तिकीट घ्यावे लागे आणि शनिवारची रात्र परगावी काढावी लागे. शनिवारच का? तर कामासाठी गेलेला माणूस शनिवारी घरी परततो. त्या एका रात्रीच्या अटीने कामकरी आणि हौशी प्रवासी न विचारताच निराळे झाले. त्या अटीचे वंशज आज अटलांटिकवरच्या सवलतीच्या बिझनेस भाड्यांतही सुखाने नांदत आहेत.

ही भाडी अक्षरांनी ओळखली जातात. एकच केबिन, एकच गादी, एकच जेवण, पण बऱ्याच कंपन्यांत 'जे' म्हणजे पूर्ण भाडे आणि 'आय', 'झेड' किंवा 'पी' म्हणजे उतरत्या भांजणीतली सवलत. शेजारी शेजारी झोपलेल्या दोघांनी दिलेल्या रकमांत तिपटीचा फरक असणे नित्याचे. या अक्षरांत आसनाविषयी काहीच सांगितलेले नसते. जे सांगितलेले असते ते माणसाविषयी: त्याला थांबता येते की नाही, दिवस बदलता येतो की नाही, नकार देऊन घरी बसता येते की नाही. आपल्या बाजारात घासाघीस करताना गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावले चालते आणि दुकानदार मागून हाक मारतो. त्या चार पावलांचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे त्यालाच भाव उतरतो. विमानकंपनीने ही चार पावले आधीच मोजून ठेवली आहेत. तिने किंमत लावली आहे ती निकडीला.

हे एकदा ध्यानात घेतले की 'चांगल्या भाड्या'चा शोध निराळा दिसू लागतो. ऑगस्टमध्ये किंवा नाताळाच्या सुमारास बिझनेस क्लास स्वस्त मिळतो, कारण कचेऱ्या तेव्हा सुस्त असतात आणि पलंग ओस पडतात. कित्येक महिने आधी घेतला की मिळतो, कारण इतक्या आधी निश्चय करू शकणारा मनुष्य गरजू नसतो. म्हणजे स्वस्त भाडे हे ज्याला जाण्याची फारशी गरज नाही त्याला दिलेले बक्षीस आहे, आणि ज्याला पर्वाच्या दिवशी पोहोचायचे आहे त्याच्या पैशातून ते दिले जाते. शोधलेखांचा नायक हे बक्षीस आपल्या बुद्धीचे म्हणून मिरवतो. बुद्धी त्याची असेलही, पण सवड त्याहून अधिक त्याची आहे.

आता युक्त्या. सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे प्रवासाचा आरंभ लंडनला न करता डब्लिनला, ऑस्लोला किंवा ॲमस्टरडॅमला करणे. लंडनचा माणूस थेट विमानासाठी जास्त द्यायला तयार असतो. डब्लिनच्या माणसाला लंडनमार्गे वळसा घालायचा तर त्याला काही लालूच दाखवावे लागते. त्यामुळे डब्लिन–लंडन–न्यूयॉर्क हे लांबचे तिकीट लंडन–न्यूयॉर्क या त्याच्याच पोटातल्या तुकड्याहून स्वस्त निघते. अख्खा फणस त्याच्यातल्या गऱ्यांपेक्षा कमी भावात, असा हा व्यवहार. यात कराचाही भाग आहे. ब्रिटनमध्ये १९९४ पासून विमानप्रवाशांवर निर्गमनकर आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात लंडनहून न्यूयॉर्कला जाताना सर्वांत खालच्या वर्गाला तो ९० पौंड आणि त्यावरच्या वर्गांना २१६ पौंड होता. परदेशातून आरंभ करून लंडनला केवळ विमान बदलणाऱ्याला तो पडत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे इन्व्हर्नेस तर ब्रिटनमध्ये असूनही या करातून मुक्त आहे, कारण डोंगराळ व बेटांच्या मुलखातल्या विमानतळांना ती सूट दिलेली आहे. दूरच्या रहिवाशांसाठी केलेल्या त्या सुटीचा लाभ घेण्यासाठी लंडनचे हुशार प्रवासी उलट दिशेने उत्तरेला जातात आणि तिथून पुन्हा लंडनवरून अमेरिकेस निघतात.

याची किंमत कोणी मांडत नाही. डब्लिनला आदल्या दिवशी पोहोचायचे, रात्र काढायची, पहाटे पुन्हा लंडन. पहिला टप्पा टाळून थेट लंडनला विमानात चढू म्हटले तर पुढचे सारे तिकीट रद्द होते, हा बहुतेक कंपन्यांचा नियम. परतताना शेवटचा टप्पा सोडून लंडनलाच उतरावे तर सामान डब्लिनला जाते. आणि कंपनी चिडलीच तर? एका प्रवाशाने २०१६ मध्ये ऑस्लो–फ्रँकफर्ट–सिॲटल असे जाण्यायेण्याचे तिकीट घेतले आणि परतताना फ्रँकफर्टलाच साखळी तोडून तो निराळ्या तिकिटावर बर्लिनला गेला. लुफ्तान्साने त्याच्यावर २११२ युरोंचा दावा लावला. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला, पण दावा लावावासा वाटला ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. विकत घेतलेला माल पूर्ण न वापरल्याबद्दल गिऱ्हाइकाकडून भरपाई मागणारा दुसरा धंदा मला तरी आठवत नाही. खानावळीत अर्धी थाळी टाकली म्हणून कुणी दुप्पट पैसे मागत नाही!

या युक्त्यांना माझा नैतिक विरोध नाही. कुंपण ज्यांनी घातले त्यांनीच फटी ठेवल्या आहेत. फटीतून जाणाऱ्याला चोर म्हणणे जितके चूक तितकेच त्याला क्रांतिकारक म्हणणेही चूक. कारण एकेकट्याच्या या चातुर्याने या मार्गावरचे भाडे सर्वांसाठी कधीही उतरलेले नाही. ते जेव्हा उतरले तेव्हा कुणीतरी नवा विक्रेता बाजारात शिरला होता, आणि त्याचे पुढे काय झाले हा इतिहास शोधलेखांत येत नाही.

तो थोडक्यात असा. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर यांची 'स्कायट्रेन' गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली. एका बाजूचे भाडे ५९ पौंड, आरक्षण नाही, रांगेत उभे राहा आणि चढा. ही बिझनेस क्लासची गोष्ट नव्हे, पण या मार्गावरचा भाव ही किती मानीव वस्तू आहे ते तिने उघड केले. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली. मोठ्या कंपन्यांनी संगनमताने तिला बुडवले असा दावा तिच्या वतीने गुदरला गेला आणि १९८५ मध्ये तो न्यायालयाबाहेर पैसे देऊन मिटवला गेला. पुढे २००५ ते २००७ या काळात इओस, मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्यांनी लंडनच्या आडबाजूच्या विमानतळांवरून न्यूयॉर्क परिसराकडे केवळ बिझनेस क्लासची विमाने सोडली. इओसच्या बोइंग ७५७ मध्ये अवघी ४८ आसने होती. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याच स्टॅनस्टेड विमानतळावरून न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. डिसेंबरात मॅक्सजेट बंद पडली, एप्रिल २००८ मध्ये इओस आणि मेमध्ये सिल्व्हरजेट. इंधन तेव्हा भडकले होते आणि पतपुरवठा आटला होता, हे खरेच. पण त्या दोघी गेल्यावर स्टॅनस्टेडची ती नवी सेवाही त्याच उन्हाळ्यात गुंडाळली गेली, याचा अर्थ वाचकाने आपापला लावावा.

दरम्यान बड्यांचे काय चालले होते? २००४ ते २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी लांब पल्ल्याच्या तिकिटांवरील इंधन अधिभाराबाबत आपसात बोलणी केली. त्या अवधीत हा अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतःच वाच्यता करून दंडातून सुटका मिळवली. ब्रिटिश एअरवेजला २००७ मध्ये ब्रिटनमध्ये साडेबारा कोटींना थोडा कमी, म्हणजे १२ कोटी १५ लाख पौंड, आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलर दंड झाला. ब्रिटनमधला दंड २०१२ मध्ये निम्म्याहून कमी करण्यात आला. आणि मग २०१० मध्ये जे पूर्वी चोरून करणे गुन्हा ठरले असते त्याची रीतसर परवानगीच मिळाली. अमेरिकी सरकारने ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन आणि इबेरिया यांना अटलांटिकवरील वेळापत्रके आणि भाडी एकत्र ठरवून उत्पन्न वाटून घेण्यास मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचे भाडे महाग वाटले म्हणून अमेरिकनचे पाहणारा चोखंदळ गिऱ्हाईक एकाच गल्ल्याच्या दोन खिडक्यांपुढे उभा असतो. युनायटेड, लुफ्तान्सा व एअर कॅनडा यांची दुसरी मोट, आणि डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम व व्हर्जिन यांची तिसरी. या मार्गावर भाडे खाली खेचायचे असेल तर ला कॉम्पानीसारखी पॅरिसहून नेवार्कला जाणारी छोटी कंपनी किंवा २०२१ मध्ये लंडनला आलेली जेटब्लू जगली पाहिजे, आणि त्यासाठी हीथ्रोवर विमान उतरवण्याच्या वेळा कुणाच्या ताब्यात आहेत हा प्रश्न विचारला पाहिजे. तो रुक्ष आहे. त्यात शँपेन नाही.

दोन आक्षेपांची दखल घ्यायला हवी. पहिला सात्त्विक संतापाचा: श्रीमंतांच्या गाद्यांची चिंता आपण कशाला करावी? अशा वाचकाने झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याचे १८४९ मधले निरीक्षण ध्यानात घ्यावे. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, अशी भीती त्याला वाटावी म्हणून, असा त्याचा आशय. बिझनेस क्लासचा भाव मागच्या केबिनच्या गुडघ्यांवर उभा आहे. आणि त्या मागच्या केबिनमध्ये आपलीही माणसे आहेत. पुण्या-मुंबईहून लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजी, ज्यांच्या पायांना सूज येते आणि ज्यांना डॉक्टरांनी पाय वर ठेवून बसायला सांगितले आहे. त्यांच्या दृष्टीने सपाट आसन ही चैन नाही. पण बाळंतपण ऑगस्टमध्येच यावे असा काही नियम नाही, आणि त्या डब्लिनला मुक्काम करून विमान पकडू शकत नाहीत. ज्याला गादी खरोखर हवी आहे त्याच्याकडे ती स्वस्तात मिळवण्याची साधने नेमकी नसतात.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्र्यांचा, आणि तो वजनदार आहे: पुढच्या केबिनमधले महाग भाडे भरतात म्हणून मागच्या केबिनची भाडी खाली राहतात आणि विमान मुळात उडते. हे बऱ्याच अंशी मान्य. कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्या बँकरने ६००० पौंड दिले तर त्यात कुणाचे डोळे ओले होण्याचे कारण नाही. परंतु सूत्राला बँकर दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त उद्याची तारीख. त्या तारखेला बैठकीला निघालेला आणि बापाच्या अंत्यविधीला निघालेला, दोघे त्याच्या लेखी एकच. पूर्वी अमेरिकी कंपन्यांत मृत्युप्रसंगी प्रवास करणाऱ्यांसाठी सवलतीचे भाडे असे. अमेरिकन आणि युनायटेड या दोघींनी ते २०१४ मध्ये बंद केले. माणसाची निकड ओळखून तिला वगळणारी एक तरी ओळ भाड्याच्या त्या प्रचंड गद्यात होती, ती पुसली गेली. आणि निम्म्या भाड्याच्या एकाही कहाणीकाराला तिची आठवण काढावीशी वाटली नाही.

जुलै २०२५ मध्ये डेल्टाने जाहीर केले की वर्षअखेरीस तिच्या अमेरिकेतील देशांतर्गत भाड्यांपैकी २० टक्के भाडी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ठरवली जातील. तिथल्या सिनेटरांनी हरकत घेताच कंपनीने खुलासा केला की व्यक्ती पाहून भाव लावला जाणार नाही. खुलासा खरा मानू. तरीही ज्या यंत्राला उद्याची तारीख पाहून निकड ओळखता येते, त्याला ती आणखी कशाकशावरून ओळखू द्यायची याचा निर्णय व्हायचा आहे, आणि तो सरकारांनी आणि नियामकांनी घ्यायचा आहे. तोवर ज्यांना सवड आहे त्यांनी खुशाल डब्लिनला जावे, शनिवारची रात्र काढावी, ऑगस्टात उडावे. फक्त परत आल्यावर लेख लिहायला बसतील तेव्हा शेजारच्या गादीवरच्या माणसाने किती दिले आणि त्याला त्याच दिवशी का निघावे लागले, हेही त्याला विचारून लिहावे.